कापलेल्या कडा

६ नोव्हेंबर

ताई,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की आमचा क्वेसार निम्म्याने मंद झाला. ते चूक आहे. तो तसा मंद झालेला नाही.

पहिल्याच ओळीत लिहून टाकतेय, कारण तू पत्र बोट ठेवून सावकाश वाचतेस आणि मधेच कुणी हाक मारली की उरलेलं दुसऱ्या दिवसावर जातं. तेवढ्या वेळात तू ही बातमी आणखी कुणाला सांगू नयेस. वर्तमानपत्रातलं कात्रण कारखान्यात तुझ्या मशीनसमोरच्या भिंतीला चिकटवलंयस, असं लिहिलं होतंस. ते काढ असं मी म्हणत नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवून काही बोलू नकोस. फोटो माझाच आहे. खालचा मजकूर खरा नाही.

आता नीट सांगते. मागे नीट सांगितलंच नव्हतं, नुसती ऐट केली होती.

क्वेसार म्हणजे फार फार लांबच्या एका दीर्घिकेचा मध्य. तिथे एक कृष्णविवर असतं आणि त्यात पडणारा वायू पडता पडता इतका तापतो की भोवतीच्या सगळ्या ताऱ्यांना झाकून टाकेल एवढा उजेड होतो. इथून मात्र नुसता ठिपका दिसतो. आम्ही त्या ठिपक्याचा प्रकाश एका अरुंद फटीतून आत घेतो आणि पसरवतो. रंगांची एक लांब पट्टी मिळते, तिला वर्णपट म्हणतात. त्यात ठिकठिकाणी उजळ रेषा असतात. रेषा कुठे आहे, किती रुंद आहे, त्यावरून तिथला वायू कोणता आणि तो किती वेगाने गरगरतोय ते कळतं. काही वर्षांनी तीच पट्टी परत घ्यायची. जुनी, नवी, आणि दोन्हींतला फरक. माझं काम एवढंच.

पण आकाश रोज सारखं नसतं. पातळ ढग असले की सगळंच मंद दिसतं. म्हणून आम्ही फट अशी फिरवतो की तिच्यात क्वेसार आणि जवळचा एक साधा तारा असे दोघंही मावतील. तारा न बदलणारा निवडायचा. ढग आला तर दोघांवर सारखाच येणार. मग क्वेसार त्या ताऱ्याच्या किती पट आहे एवढंच मोजायचं. माझ्या बाजूच्या टेबलावर एक उंच मुलगी बसते, तिला सगळे लांबोटी म्हणतात. तिने त्या ताऱ्याचं नाव 'शेजारी' ठेवलंय. "आपले शेजारी सभ्य गृहस्थ आहेत, कधी आवाज नाही की भांडण नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

शेजारी सभ्य नव्हता, ताई. तो एक म्हातारा, लालसर तारा आहे आणि सावकाश फुगतो, आकसतो. आम्ही दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा तो दुपटीने उजळ झालेला होता. त्याच्याशी तुलना केल्यावर क्वेसार निम्मा भरला. टेप ताणलेली असली की कापड आखूड भरतं, तसं.

हे कळलं ते तुझ्या लेकीमुळे, बटणमुळे. तिला रागावू नकोस. तिने मावशीकडे वर्गात लावायला मोठं रंगीत चित्र मागितलं होतं ना, म्हणून मी दोन्ही पट्ट्या अगदी टोकापासून टोकापर्यंत काढायला घेतल्या. एरवी आम्ही दोन्हीकडच्या कडा कापून टाकतो. तिथे प्रकाश फार कमी पोचतो, सगळी खरखर असते. पण लहान मुलीला पट्टी अख्खी बघायला आवडेल असं वाटलं. लाल टोकाला, जिथे मी दरवेळी कापायचे, तिथे एक बारीक रेषा होती. ही रेषा ज्या वायूतून येते तो क्वेसारच्या मध्यापासून इतका लांब पसरलेला असतो की मध्यातला उजेड कमी झाल्याची वर्दी त्याच्यापर्यंत पोचायलाच शेकडो वर्षं लागतात. ती रेषा जुन्या आणि नव्या पट्टीमधल्या चार वर्षांत कमी होऊच शकत नाही. आणि ती बरोबर निम्मी झालेली होती. म्हणजे क्वेसार नाही, आमचं मोजणंच बिघडलं होतं.

मी हात धुऊन आले आणि परत बघितलं. हात कशाला धुतले, माहीत नाही.

तुझ्या पाठीचं कसं आहे? खुर्चीला मागे उशी लावतेस का? तुमच्याकडे सकाळी नळाला पाणी येतं का वेळेवर?

तुझी,
खोडरबर


११ नोव्हेंबर

ताई,

पहिलं पत्र तुला पोचलं असेल-नसेल तोच हे दुसरं लिहितेय. पहिल्यात मी ढगांचं, टेपचं, शेजाऱ्याचं सगळं लिहिलं आणि मुख्य गोष्टीला वळसा घालून नळाच्या पाण्याची चौकशी केली.

तुझं सप्टेंबरमधलं पत्र समोर ठेवलंय. आई गेल्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी आलेलं तुझं पहिलं पत्र. 'फोटो बघितला. बारीक झालीस. बातमी सुपरवायझर बाईंनी वाचून दाखवली. म्हणजे तुझा तारा खरंच बदलत होता. मग त्या रात्री तुला थांबायलाच हवं होतं. मी उगाच टाकून बोलले. आता येत जा.'

त्याच्या आधीचं तुझं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य होतं, "तुझे तारे काही पळून जात नव्हते." आईला नेलं त्यानंतर, दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली होतीस. मी तुला उत्तर दिलं नाही. मनात मात्र होतं: हा पळतोय, ताई, हाच एक पळतोय. तीन वर्षं मी तेवढ्या उत्तरावर काढली. सर म्हणायचे, इतकं नेटाने काम करणारी विद्यार्थिनी बघितली नाही. त्यांना काय माहीत मी कुणाला उत्तर देत होते ते.

आता उघडच लिहिते. नवी पट्टी म्हणतेय ती आई गेली त्याच रात्रीची आहे. आणि त्या रात्री माझा तारा पळत नव्हता.

सरांना मी शुक्रवारी सांगितलं. ते फळा तळहाताने पुसतात, त्यामुळे त्यांची बाही कायम पांढरी असते. मी गेले तेव्हाही पुसतच होते.

"सर, लाल टोकाला एक बारीक रेषा आहे."

"टोकाला काहीही असतं. कचरा असतो."

"हा कचरा नाही, सर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला टेकेल इतकं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी फरशी पुसत होतं, बादली सरकवल्याचा आवाज येत होता.

"कडा कुणी कापल्या?"

"मी."

"कापायला कुणी सांगितल्या?"

मी त्यांच्या पांढऱ्या बाहीकडे बघितलं.

"बोल की. मीच ना? मी सगळ्यांनाच सांगतो. मला माझ्या सरांनी सांगितलं होतं." मग ते खुर्चीत बसले. एकदम थकलेले दिसले. "लांबोटी सांगत होती, घरी तुला खोडरबर म्हणतात. तू मलाच खोडायला निघशील असं वाटलं नव्हतं."

मला रडू येईल असं वाटलं, पण ते हसत होते. चांगलं हसत होते. म्हणाले, "आधी चहा घेऊ. मग बघू छापलेला लेख मागे कसा घ्यायचा ते." चहा घेताना त्यांनी विचारलं, "हे अजून कुणाला बोललीस?"

"बहिणीला लिहिलंय."

"बहीण याच विषयात आहे?"

"नाही, ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटण करते."

"मग तिला आधी कशाला?"

मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते तुटून तळाशी गेलं.

सर मार्चमध्ये माझी नेमणूक वाढवून मागणार होते ती याच लेखाच्या जोरावर. ते होईल तसं होईल. त्याची मला भीती वाटते, पण वाटते तेवढीच. तुझ्या उत्तराची जास्त वाटते.

तुझी,
खोडरबर


१९ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र काल आलं. तीन ओळी.

'बटणने वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय की मावशीने तारा विझताना बघितला. आता तिच्या बाईंना काय सांगू, परत पेटला म्हणून? आणि मग त्या रात्रीचं काय?'

पहिल्या दोन ओळी वाचून मी मोठ्याने हसले. तिसरीवर थांबले. ती वेगळ्या शाईने लिहिली आहेस. म्हणजे पत्र बंद करून ठेवलं असशील आणि दुसऱ्या दिवशी परत उघडलं असशील.

बटणला सांग, मावशीने बघितलं ते खरं, पण मावशीने ज्याला स्थिर समजून मोजलं तोच हलत होता. वर्गात विचारलं तर दोन मुली शेजारी उभ्या करायच्या. एकीने गुपचूप टाचा वर करायच्या. बघणाऱ्याला वाटणार, दुसरीच खाली गेली. तिला हे करून दाखवायला आवडेल. टाचा वर करणारी तीच होईल बघ.

तिसऱ्या ओळीचं उत्तर द्यायला मला सगळा दिवस लागला.

लांबोटीला मी थोडं सांगितलं होतं. ती म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेतेस? बहीण काय म्हणाली, तारा बदलत होता. मग बदलत होताच की. क्वेसार नाही, शेजारी बदलत होता. तारा तर तोच खरा! तसंच लिही. खोटंही नाही आणि तुमचं परत जुळलेलंही तुटणार नाही."

ताई, मी तसं पत्र लिहिलं. खरंच लिहिलं. पहिली ओळ होती, 'त्या रात्री फटीत एक तारा बदलत होता हे मात्र खरं.' शब्द न् शब्द खरा. वाचून बघितलं तर मला माझंच अक्षर ओळखू येईना. फाडलं.

शेजाऱ्यासाठी कुणी रात्रभर थांबत नाही. तसले फुगणारे-आकसणारे तारे हजारोंनी माहीत आहेत. आणि तो बदलतोय हे मला त्या रात्री माहीतही नव्हतं. मी थांबले ती क्वेसारसाठी. दुर्बिणीवरची एक रात्र मिळायला आम्ही दोन वर्षं अर्ज करत होतो. तुझा फोन आला तेव्हा दिवस मावळला होता, मी घुमटाची झडप उघडत होते. तू म्हणालीस, "आई तुझं नाव घेतेय, आत्ता निघ." खाली जाणारी गाडी उभी होती. चालकाने दोनदा हॉर्न वाजवून विचारलंही. मी त्याला हाताने जा म्हटलं आणि तुला म्हटलं, "सकाळी निघते, ताई." हे तुला तेव्हाही सांगितलं होतं. लपवलेलं काही नाही. पातळ ढग होते, मी रात्रभर शेजाऱ्याच्या भरवशावर मोजत बसले, दुपारी घरी पोचले, आणि आई पहाटेच गेली होती.

तू मला माफ केलंस ते त्या रात्री मला काहीतरी सापडलं म्हणून. सापडलं नव्हतं. तेव्हा ती माफी माझ्याकडे ठेवून घेणं बरोबर नाही. ती मी परत करतेय. 'येत जा' असं लिहिलं होतंस, तेही तू परत घेतलंस तर मी काही म्हणणार नाही.

तू म्हणाली होतीस तेच खरं होतं. माझे तारे पळून जात नव्हते.

खोडरबर


२८ नोव्हेंबर

ताई,

चार पानं! दोन्ही बाजूंनी! पोस्टमनकडून पाकीट घेताना मला आधी वाटलं, माझीच पत्रं परत पाठवलीस.

वाचताना मला तू दिसत होतीस. आपण स्वयंपाकघराच्या फरशीवर बसायचो, मी शाळेतून शिकून आलेलं तुला शिकवायचे आणि तुझा 'क्ष' नेहमी कुबड्या व्हायचा. अजून तसाच आहे. मी तेव्हा सारखं खोडून परत लिहायला लावायचे, तू वैतागून मला खोडरबर म्हणायला लागलीस. या चार पानांत मला एकही अक्षर खोडावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या पानावरचं मी तुलाच परत लिहून दाखवते, कारण ते मला नीट कळलंय ना याची मला खात्री करून घ्यायची आहे. 'आईने तुझं नाव घेतलं नव्हतं. तिला दुपारपासूनच शुद्ध नव्हती. मी तसं म्हणाले, कारण घरात मी एकटी होते आणि मला भीती वाटत होती. तिचा श्वास थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. बटण आत झोपली होती. मला भीती वाटते असं तुला कसं सांगणार? मी कधी म्हणाले होते का तसं? आईचं नाव सांगितलं तर येशील असं वाटलं. तरी तू आली नाहीस. मग मला तुझ्यापेक्षा माझाच राग आला, आणि तो मी तुझ्यावर काढला.'

बरोबर वाचलंय ना मी?

तीन वर्षं मी आईच्या हाकेला गेले नाही म्हणून झुरत होते. आणि हाक तुझी होती.

मी आठवून बघितलं, ताई. बाबा गेले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस आणि दुसऱ्याच आठवड्यात कामाला लागलीस. आई धुण्याच्या कामावरून यायची तेव्हा तिच्या हातांची साल निघालेली असायची, तू तिला तेल लावायचीस. मला शाळेत सोडायचीस. भावजी दूरच्या कामावर गेले आणि वर्षातून एकदा यायला लागले, तेव्हाही तू म्हणालीस, "बरंय, घोरणं तरी थांबलं," आणि आम्ही सगळे हसलो. घरात काही बिघडलं की आम्ही तुझ्याकडे बघायचो. तू ठीक आहेस ना, मग सगळं ठीक आहे. तू ठीक आहेस का हे कुणी बघितलंच नाही.

इथे मी शेजाऱ्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं. खोडलं. दिसतंच आहे म्हणा.

आता इकडचं. मंगळवारी मी सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. सरांनी आधी स्वतः बोलायचं ठरवलं होतं, पण मीच बोलते म्हटलं. पडद्यावर दाखवायचा लाल ठिपका एका जागी राहीना, सगळीकडे नाचत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हा पण बदलता तारा आहे वाटतं," आणि सगळे हसले, मग मीही हसले, आणि ठिपका थांबला. अख्ख्या पट्ट्या दाखवल्या, कडांसकट. शेजाऱ्याला दुसऱ्या ताऱ्यांशी ताडून बघितलं तेही दाखवलं. शेवटी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी टोचूनही बोललं नाही. एक वयस्क बाई उठून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मीही कडा कापते. आज जाऊन बघते."

लेख मागे घेतल्याचं पत्र बुधवारी गेलं. सरांनी सही माझ्या सहीच्या वर केली. म्हणाले, "चुकीत तरी ज्येष्ठता राहू दे."

आणि त्यांनी आणखी एक केलं. कुणाकुणाला फोन करून दुर्बिणीवरची एक रात्र मिळवली. त्याच क्वेसारसाठी, या वेळी चांगला पारखून घेतलेला दुसरा तारा घेऊन. त्यातून निदान खरं काय ते कळेल. कदाचित तो थोडासा बदललाही असेल. सर म्हणाले, "तूच जा. तुझं नाव त्यातूनच सावरेल, आणि मार्चमध्ये मला मागायला काहीतरी हातात राहील."

हा क्वेसार आकाशात नीट वर येतो तो वर्षाच्या याच दिवसांत. त्यामुळे रात्र मिळाली ती अठरा डिसेंबरची.

तारीख वाचलीस ना, त्याच रात्रीची. मी अजून सरांना हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तू चौथ्या पानावर लिहिलंयस, अठराला तू कामावर जातेस कारण घरी बसवत नाही, आणि रात्री बटण झोपली की आतला दिवा चालू ठेवून मशीनवर बसतेस, शिवायला काही नसलं तरी. ते मी पुन्हा पुन्हा वाचतेय.

तुझी,
खोडरबर


३ डिसेंबर

ताई,

सरांना सांगितलं. अठराला लांबोटी जाईल.

ते म्हणाले, "विचार केलास?" मी म्हटलं, हो. म्हणाले, "ती चांगलं करेल, पण नाव तिचं होईल." मी म्हटलं, होऊ दे. त्यांनी बाही झटकली, खडूची पूड उडाली. "त्या दिवशी काय आहे?" मी म्हटलं, "ताईकडे जायचंय." ते काहीतरी विचारणार होते, मग नुसती मान हलवली. दाराशी गेल्यावर मागून म्हणाले, "काज-बटणवाली बहीण ना? तिला माझा नमस्कार सांग."

लांबोटीला मी सगळं लिहून दिलंय. फट किती फिरवायची, नवा तारा कोणता, ढग आले तर काय करायचं, नाही आले तर काय करायचं. सात पानं झाली. ती वाचून म्हणाली, "दात कसे घासायचे ते राहिलं." मग म्हणाली, "कडा कापायच्या नाहीत, हे तू अकरा वेळा लिहिलंयस." मी मोजलं. नऊ वेळा होतं.

मी शांत आहे असं नको समजूस. काल झोपेतून उठून आठव्या पानाची पुरवणी लिहिली. तिथे मी असायला हवं असं मला अजूनही वाटतं, अगदी पोटातून वाटतं. त्या पट्टीत काय निघेल ते आधी माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. हे तुला सांगून ठेवते, नाहीतर मी फार मोठं काही सोडून येतेय असं दाखवत नाही म्हणून तुला वाटेल की मला काहीच वाटत नाही. वाटतं. तरी येतेय.

मधे मी एक गोष्ट नीट तपासली. समजा, क्वेसार त्या रात्री खरंच मंद होत असता. समजा, बातमीतला शब्द न् शब्द खरा असता. तरीसुद्धा तू घरात एकटी होतीस आणि आईचा श्वास थांबत होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तू मला माफ केलंस तेव्हा तो जोडलास, मी माफी परत केली तेव्हा मीही तोच जोडला. दोघींचंही चुकलं. म्हणून मी या वेळी माफी मागायला येत नाहीये. तू बोलावलंस म्हणून येतेय. तीन वर्षं उशीर झालाय, एवढंच.

तुझं उत्तर यायची वाट बघणार नाही. 'नको येऊस' असं लिहायला घेतलं असशील तर ते पत्र मला इथे सापडणार नाही.

बटणसाठी चित्र आणतेय. अख्खी पट्टी, लाल टोकासकट. ती रेषा मी पेनाने दाखवली नाही. तिची तिला शोधू दे.

रात्री तू मशीनवर बसलीस तर मी बाजूला बसेन. बोलायला हवंच असं नाही. तुला दोरा ओवून देईन. ते मला बरं जमतं, डोळे अजून चांगले आहेत. आणि भीती वाटली तर म्हण. मी हसणार नाही.

दुपारची बस आहे. तुमचा कारखाना सुटायच्या आधी मी फाटकासमोर, पलीकडच्या बाजूला, उभी असेन. बारीकच आहे अजून, चटकन ओळखशील.

अठरा डिसेंबर, बुधवार.

तुझी,
खोडरबर